शिवरात्रीला बंद केलेला डबा

थंडी पडायला लागली की मला दोन डबे आठवतात. एक माझ्या बायकोचा, जो दर हिवाळ्यात एस.टी.ने माझ्या नेमणुकीच्या गावी यायचा. दुसरा मी स्वतः पंचांसमक्ष जप्त केलेला, लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलेला. पहिल्याची चव अजून जिभेवर आहे. दुसऱ्यातला लाडू मी कधी चाखला नाही, तरी इतक्या वर्षांच्या नोकरीत केलेल्या तपासांपैकी तोच तपास मनात घर करून बसला आहे. आज त्याची गोष्ट सांगतो. नाव कुणाचंच सांगणार नाही.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. राजुऱ्याच्या पुढे, कोरपन्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. कुटुंब मुलांच्या शाळेसाठी चंद्रपूरला, आणि मी ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटा. पोलिसाचा संसार म्हणजे निम्मा बदलीच्या सामानात बांधलेला असतो, याची तोवर सवय झाली होती. सकाळी हजेरीला शिपाई हात चोळत उभे राहायचे. बाहेर बाया कापूस वेचायला निघालेल्या असायच्या, डोक्याला फडकं गुंडाळून, खोकत खोकत. दवात भिजलेला कापूस वेचून निम्म्या गावाला सर्दी-पडसं जडलेलं असे.

आमच्याकडे हिवाळा हा खाण्याचा मोसम. डिंक, मेथी, जवस, खारीक, जे काही अंगाला लावून घ्यायचं ते याच दिवसांत. हिवाळ्यात खाल्लेलं वर्षभर पुरतं, असं मोठी माणसं सांगतात. या खाण्याला शेवटची तारीखही असते. शिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत निघून जाते, आणि त्या दिवसापासून गरम पदार्थ बंद. लाडवाचा डबा फळीवर जातो तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत खाली येत नाही. हा रिवाज लक्षात असू द्या, कारण सगळा गुंता त्यानंच केला आणि सोडवलाही त्यानंच.

शिवरात्र होऊन थोडेच दिवस झाले होते. तालुक्याच्या रुग्णालयातून ठाण्यात खबर आली की जवळच्या गावची एक नवी सून बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली आहे, विषबाधेचा संशय आहे. स्टेशन डायरीला नोंद करून मी जीप काढली. मुलगी विशीची. लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. नवरा सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, घरात तो, ती आणि सासू एवढीच माणसं. कालपासून उलट्या, चक्कर, आणि आज अंथरुणातून उठताना कोसळली ती डोळे उघडेना.

डॉक्टर तरुण होते, पण माणूस सावध. म्हणाले, "कापसाचं गाव आहे, घरात फवारणीचं औषध असणार, म्हणून मी तुम्हाला कळवलं. पण तोंडाला वास नाही, लाळ नाही, डोळ्यांच्या बाहुल्याही तशा नाहीत. रक्तदाब मात्र काही केल्या वर येत नाही. चंद्रपूरला पाठवावं तर रस्त्यातच जाईल. हिच्या पोटात काय गेलं ते शोधून काढा, साहेब. मला इलाज करायला काहीतरी धागा पाहिजे."

दुपारपर्यंत मुलीचे आईवडील पोचले. माहेर गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या बाजूला. मध्ये जंगल, नद्या आणि बदलाव्या लागणाऱ्या दोन-तीन एस.टी. बाप सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तापट. आल्या आल्या त्यानं व्हरांड्यात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माह्या पोरीले जहर देल्लं, साहेब. त्या बुढीले आत टाका. नाई तर आमी गाव घेऊन ठाण्यावर येतो." आई मात्र आत गेली. लेकीच्या खाटेजवळ बसून तिचे पाय चोळत राहिली.

तक्रार लिहून घेतली. नवऱ्याला ठाण्यात बसवला. तेवढ्यात आमच्या एका खबऱ्यानं, तो बाजारात पानठेला चालवायचा, मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, त्या बुढीनं सुनेचा माहेरचा लाडवाचा डबा हिसकून वर कोंडून ठेवला. पोरगी डब्यासाठी रडली. साऱ्या आळीले माहीत आहे. मंग तिसऱ्याच दिवशी हे झालं."

खबऱ्याची खबर बहुतेक वेळा खरी असते, तिचा त्यानं लावलेला अर्थ खोटा असतो. पण हे शहाणपण आता सुचतंय. त्या दिवशी मलाही वाटलं, धागा सापडला. घराची झडती घेतली. फवारणीच्या औषधाची बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात होती, बूच घट्ट, वर धुळीचा थर. डबा फळीवर मिळाला. पितळी, झाकणावर नाव कोरलेलं, आणि आत निम्मे लाडू शिल्लक. पंचनामा करून दोन्ही वस्तू ताब्यात घेतल्या.

सासूचा जबाब तिच्याच घरी, महिला शिपायाला समोर बसवून दिवसाउजेडीच घेतला. विधवा बाई, कापसाच्या बोंडांनी बोटं चिरलेली. माझ्यासमोर बसली ती ताठ. रडणारी माणसं निर्दोष आणि ताठ माणसं गुन्हेगार, असं समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव तसा नाही.

"डबा कोणी बंद केला, बाई?"

"म्याच."

"का?"

"शिवरात झाली ना, साहेब. थंडी गेली. गरम चीज आता अंगाले बाधते. तुमच्या घरी सांगणारं कोणी नाई का?"

"सून रडली म्हणतात."

"रडली. माहेरचा डबा बंद झाला का कोणतीबी पोरगी रडते. मीबी रडली होती." मग म्हणाली, "आली तवा काडी होती. कापूस वेचाले आली का दिवसभर खोकून राह्यची. या हिवाळ्यात गाल भरले, खोकला गेला, कामाले वाघीण झाली. मले वाटलं, मायच्या हातचं अंगाले लागलं. मी खूश होती, साहेब. मी काऊन मारीन तिले?"

मी उलटसुलट विचारून पाहिलं. जबाब हलला नाही. पण बाहेर तिच्या दारात गाव जमलं होतं, आणि मुलगी गेली असती तर त्या बाईला आत घातल्याशिवाय मला गत्यंतर नव्हतं. सून डोळे मिटून पडलेली, मुलगा ठाण्यातल्या बाकावर, आणि ही घरात एकटी. बाहेरचे आवाज ऐकत ती चुलीपुढे बसली होती असं मला पहाऱ्यावरच्या शिपायानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेतली तर आमचे जमादार गैरहजर. आता या जमादारांबद्दल सांगायला हवं. निवृत्तीला टेकलेले, गुडघ्यांनी जेरीस आणलेले. पण त्या हिवाळ्यात त्यांना जणू पालवी फुटली होती. गुडघे दुखेनात, गस्तीला सगळ्यांच्या पुढे, गालफडं गोल झालेली. आम्ही चेष्टा करायचो, तर म्हणायचे, "साहेब, पुन्हा भरती निघाली तर मी पयला उभा राह्यतो." ते गेले काही दिवस मलूल दिसत होते, एवढं माझ्या लक्षात होतं. त्यांची पत्नी आजारपणाची खबर द्यायला ठाण्यात आली.

"उलट्या होऊन राह्यल्या, साहेब. उठले का चक्कर येते."

मी सवयीनं विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काई नाई खाल्लं. उलट, रोज चमचाभर शक्तीची पूड खात होते दुधात, तेबी शिवरातीपासून म्या बंद केलं. गरम पडते ना."

मी हजेरीचं रजिस्टर मिटलं. आम्ही सगळे कालपासून एकच प्रश्न विचारत होतो, मुलीनं काय खाल्लं. डॉक्टर तेच विचारत होते, मी तेच विचारत होतो, बापही तेच ओरडत होता. तिनं खायचं काय थांबवलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि सासू मला तेच तर सांगत होती.

शिपायाला जमादारांच्या घरी ती पुडी आणायला पिटाळलं, त्यांनाही जीपमध्ये घेऊन ये म्हटलं, आणि मी रुग्णालय गाठलं. मुलीची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो. वर्दीतला माणूस उभा राहून विचारायला लागला की साधी माणसं तोंड मिटतात.

"बाई, लाडवात काय काय घातलं होतं?"

तिला वाटलं मी नावं ठेवतोय. जरा दुखावून तिनं मोजदाद सुरू केली. डिंक, खारीक, खोबरं, जवस, गूळ, घरच्या म्हशीचं तूप. मग थांबली.

"आणखी?"

"अन् थोडी शक्तीची पूड. बाजारात गाडी येते भोंगा लावून, तिच्यातली. जंगलातल्या मुळ्यांची आहे म्हणते तो. सर्दी-पडसं जाते, अंग धरते. आमच्या गावच्या लोकाले लई फरक पडला." मग हळूच म्हणाली, "पोरीच्या लाडवात म्या दोन मुठी जास्त टाकली. लई बारीक होती ना ते."

"दर वेळी?"

"दर डब्यात. कंडक्टरच्या हाती धाडत होती. पोरीचं तोंड नाई दिसत साहेब इतक्या लांबून. मंग डबा तरी."

मी उठून डॉक्टरांकडे गेलो आणि जे कळलं ते सांगितलं, जमादारांसकट. भरलेले गाल, पळालेलं दुखणं, वाढलेली भूक, आणि शिवरात्रीनंतर दोघंही आडवी. ऐकता ऐकताच ते उठले. नर्सला इंजेक्शनाचं नाव सांगितलं आणि मग मला समजावलं. या पुडीत बहुधा स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या आहेत. त्यानं आठवड्यात फरक पडतो, सूज येते तिला लोक बाळसं समजतात. शरीर जो रस स्वतः तयार करतं, तो बाहेरून मिळायला लागला की ते स्वतः करायचं थांबवतं. आणि मग बाहेरचा एकाएकी बंद झाला तर माणूस असा कोसळतो. "सासूनं विष दिलं नाही," ते म्हणाले, "पण बंद करण्याची तिची पद्धत बरोबर होती की चूक, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. आत काय आहे हे ठाऊक असतं तर आम्ही हळूहळू कमी करत आणलं असतं."

सायंकाळच्या आत मुलीचा रक्तदाब वर आला. तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. जमादारांनाही त्याच वॉर्डात खाट मिळाली. शुद्धीवर आल्यावर मुलीचा रीतसर जबाब घेतला. सासूबद्दल विचारलं तर म्हणाली, "मायनं डबा बंद केला म्हणून मी रुसली होती, दुसरं काई नाई." ती सासूला माय म्हणत होती.

पुढचं काम आमच्या सवयीचं. भोंगेवाली गाडी आठवड्याच्या बाजारांना फिरायची, मुलचेऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत. औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही बाजाराच्या दिवशी ती गाठली. इसम गोडबोल्या. जंगलाचा जाणकार नव्हता, वैद्यही नव्हता. मी त्याला ठाण्यात आणला, चहा मागवला, आणि त्याच्याच पुडीतला चमचाभर त्याच्या पुढ्यात ठेवला. "दमला असशील, घे." त्यानं चहा घेतला, चमच्याकडे पाहिलंही नाही. मी पुन्हा आग्रह केला.

"मले सहन होत नाई, साहेब."

"तुझ्या लेकरांना देतोस?"

त्यानं चमचा बाजूला सरकवला. मग त्याला फार विचारावं लागलं नाही. भाड्याच्या खोलीत खलबत्ता, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि गव्हाच्या कोंड्याचं पोतं मिळालं. मुळी एकही नव्हती. का केलंस म्हटलं तर म्हणाला, "लोकाले फरक लवकर पाहिजे, साहेब. खऱ्या मुळीनं लवकर नाई पडत." प्रयोगशाळेचा अहवाल डॉक्टरांच्या म्हणण्यासारखाच आला. खटला रेंगाळला, पण त्याला शिक्षा झाली. दरम्यान आम्ही गावोगाव दवंडी दिली, की ज्यांनी पूड खाल्ली त्यांनी ती एकाएकी बंद न करता आधी दवाखान्यात यावं. दवंडीवाल्याला हे पटेना. "साहेब, खाऊ नका म्हणाचं का बंद करू नका म्हणाचं?" मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा एवढंच ओरड.

पण या प्रकरणातलं सगळ्यात अवघड काम अटकेचं नव्हतं. मुलीच्या आईला सांगायचं होतं. मी तिला रुग्णालयाच्या मागच्या चिंचेखाली नेलं आणि जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, की दोष पूड विकणाऱ्याचा आहे. तिनं सगळं ऐकलं. मग आपल्या दोन्ही मुठी उघडून त्यांच्याकडे पाहत बसली. त्या दोन मुठी जास्तीच्या होत्या, हे तिनं मला स्वतःच सांगितलं होतं.

बाप सासूची माफी मागायला गेला नाही. तसली माणसं जात नाहीत. आई गेली. मी जबाबावर सही घ्यायला त्या घरी गेलो तेव्हा दोघी विहिणी ओट्यावर बसलेल्या होत्या. आई म्हणत होती, "विहीणबाई, आता मी कधी लाडू बांधत नाई." सासू शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बांधजा. फक्त काय टाकलं ते सांगत जा." एवढंच. मग माझ्याकडे वळून, "साहेब, डबा कधी देता? पोरीच्या आजीचा आहे तो. त्यायच्या घरचं एवढंच पितळ उरलं."

नमुने वेगळे काढलेले होते, रिकाम्या डब्याची खटल्याला गरज नव्हती. न्यायालयाची परवानगी घेऊन मी तो परत केला. पुढच्या हिवाळ्यात तो डबा पुन्हा एस.टी.त चढला, पण उलट्या दिशेनं. सासूनं लाडू बांधले आणि मुलचेऱ्याला विहिणीकडे पाठवले. ठाण्यावरून जाताना चार लाडू फडक्यात बांधून माझ्या टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्या सांगून गेली, "डिंक, खारीक, जवस, गूळ, सुंठ. बाकी काई नाई. लिहून घ्या पायजे तर." आमच्या जमादारांनी लाडू हातात घेऊन तिला दोनदा विचारलं, नक्की ना?

या तपासानं मला काय दिलं, ते सांगतो. ताकदीचं म्हणून जे विकतात, त्यात काय आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर ते तोंडात घालू नये. आठवड्यात गाल भरणारी आणि जुनं दुखणं पळवणारी पूड असेल तर आधी डॉक्टरला दाखवावी. घरचं असो की दुकानातलं पाकीट, दवाखान्यात गेल्यावर ते लपवू नये. हे आता कुणीही सांगेल. पण पोलीस म्हणून मी वेगळंच शिकलो. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी काय घडलं याबरोबर काय घडायचं थांबलं, हेही विचारत गेलो. माणसं खाल्लेल्या गोष्टीनं पडतात तशी बंद झालेल्या गोष्टीनंही पडतात. अंगवळणी पडलेलं काही एकाएकी थांबलं की शरीराला स्वतःच्या बळावर उभं राहणं आठवत नाही.

हे मला तेव्हा तपासापुरतं कळलं होतं. पुरतं कळलं ते आता.

ते प्रकरण मिटल्यावर, पुढच्या हिवाळ्यात मी चंद्रपूरला घरी गेलो, तेव्हा बायकोनं समोर लाडू ठेवून विचारलं होतं, "आमच्या लाडवांचा पंचनामा कधी करताय?" तिच्या लाडवांत एक चव असायची, जी मला कुठेच सापडली नाही. जायफळ नव्हे, वेलची नव्हे, काहीतरी तिसरंच. मी म्हटलं, सांग काय घालतेस. ती हसली. "पोलिसाला सगळं सांगायचं नसतं." त्यानंतर दर हिवाळ्यात, मी जिथे असेन तिथे, डबा यायचा आणि फोनवर मी विचारायचो. दर वेळी तेच उत्तर. अहेरीला, सिरोंच्याला, जिथे फोन लागायलाही मारामार, तिथेही मी आधी तेच विचारायचो, आणि ती तिकडून हसायची. ते हसू ऐकायलाच मी विचारत होतो, हे तिलाही ठाऊक असावं.

ती गेल्याला आता काही वर्षं झाली. यंदा थंडी पडली तेव्हा मी बाजारातून डिंक आणला, खारीक आणली, गूळ चिरला. लेक फोनवरून सांगत होती आणि मी करत होतो. लाडू वळले. चांगले झाले होते. पण ती चव नव्हती. सुंठ घालून पाहिली, खसखस घालून पाहिली, मग थांबलो. आयुष्यभर लोकांकडून नाही नाही ते वदवून घेतलं. ही एक चौकशी मात्र अपुरी राहिली, आणि आता जबाब द्यायला कुणी नाही.

लाडू तिच्याच डब्यात भरून ठेवले आहेत. रोज एक खातो. शिवरात्र आली की डबा फळीवर ठेवायचा असतो, हे मला माहीत आहे. यंदा तो खालीच राहू देईन म्हणतो.